तिला मातीच हवी होती

गुरुवारी दुपारी आम्ही दोघं मासळी आणायला गेलो होतो. कोबेतल्या सुपरमार्केटातली मासळी म्हणजे थट्टाच. डोकं नाही, शेपटी नाही, कातडं नाही. प्लास्टिकच्या ताटलीत गुलाबी वड्या मांडलेल्या. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. खवलं आणि पर बघितल्याशिवाय मासा घरात घेत नाही. वडीवर खवलं कुठं शोधायची? म्हणून बायको दर खेपेला तिथल्या माणसाला अख्खा मासा दाखवायला लावायची. तो वाकायचा, आत जायचा, मासा आणायचा, पुन्हा वाकायचा. ही बोट उलटं फिरवून खवलं बघायची. मी म्हटलं, तो तुला येडी समजतो. म्हणाली, "समजू दे. त्याला कुठं माझ्या हातचं जेवायचंय?"

संध्याकाळी नारळाचं दूध काढता काढता ती खाली बसली, ती उठलीच नाही. इस्पितळात डॉक्टरनंही वाकूनच सांगितलं. या देशात वाईट बातमीसुद्धा अदबीनं येते. त्यानं ती हलकी होते, असा त्यांचा समज असावा.

शुक्रवारी सकाळी काळा कोट घातलेला एक माणूस घरी आला. अंत्यविधीवाला. भट्टीची वेळ कुठली घ्यायची, मडकं कुठल्या रंगाचं हवं, असं विचारत होता, मुलगा मला मराठीत सांगत होता. इथं मेलेल्या माणसाला जाळतात. दुसरं काही असतं हेच त्याच्या डोक्यात नाही. आमच्यात न्हाऊ घालून, पांढऱ्या कापडात गुंडाळून मातीत ठेवतात, तेही लवकरात लवकर. इथला कायदा म्हणतो आधी एक दिवस थांबा. तोवर आमचा शनिवार लागणार, तो शुक्रवारच्या संध्याकाळीच लागतो आणि त्यात पुरत नाहीत, म्हणजे गोष्ट रविवारवर गेली. ती बिचारी बर्फात.

मुलगा कॉम्प्युटरवाला. मोठ्या भूकंपानंतर टोकियो सोडून इकडं आला आणि आम्हा दोघांनाही बोलावून घेतलं. तो खाली बघत म्हणाला, "पप्पा, इथं सगळे असंच करतात."

"इथं सगळे दिवसभर वाकतात. तूही वाकायला शिकलास, म्हणून तुझी आई जाळायची?"

माझ्यापुढं त्याचं चालेना, म्हणून त्यानं एक विद्वान बोलावला. पुण्याचा माणूस, इथल्या विद्यापीठात जुन्या थडग्यांचा अभ्यास करतो. आला तो मलाच माझे पूर्वज समजावून सांगायला लागला. म्हणे, काका, जुन्या इस्राएलात डोंगराच्या खडकात खोल्या खोदायचे. आत दगडी ओटे. त्यावर मढं ठेवायचे आणि तोंडाशी धोंडा लावायचे. वर्षभरानं मांस गेलं की हाडं गोळा करून बापजाद्यांच्या हाडांत ठेवायची. म्हणजे मुख्य काय, तर हाडं. इथंही जाळल्यावर नातेवाईक काड्यांनी हाडं उचलून मडक्यात भरतात. किती जवळचं आहे बघा. मुलगा मान हलवत होता, जसा काही ऑफिसात बसलाय.

मी चौथीपर्यंत शिकलेला, गिरणीतला फिटर. पण ऐकून घ्यायलाही मर्यादा असते.

मी विचारलं, "ते लोक वर्षभर थांबायचे ना? मग घाई कुणाला आहे, त्यांना की या भट्टीला?"

"काका, मी फक्त साम्य सांगतोय."

"सुकट उन्हात वाळते आणि चुलीत पडली की जळते. दोन्हीला तुम्ही एकच म्हणणार? आणि बापजाद्यांच्या हाडांत ठेवायचं म्हणता, तर तिचे बापजादे कोकणात नारळीखाली आहेत. इथल्या मडक्यात तिच्याजवळ कोण?"

तो चहा पीत राहिला. शिकलेल्या माणसाला अडवलं की त्याला लगेच तहान लागते.

मग मी मुलाला सांगितलं, आपल्या पोथीत आहे, आमचा पहिला बाप परमुलखात होता तेव्हाच त्याची बायको गेली. तो तिथल्या लोकांना म्हणाला, मी उपरा आहे, माझी बायको पुरायला जागा द्या. तुमच्यात काय करतात, असं विचारत नाही बसला. मुलगा उठला. मग फोन घेऊन बाहेर गेला. इथल्या आमच्या प्रार्थनेच्या जागेतल्या लोकांनी शब्द टाकला आणि डोंगरावरच्या परदेशी लोकांच्या कब्रस्तानात जागा मिळाली.

पेटीशिवाय पुरता येणार नाही, कब्रस्तानवाले म्हणाले. ठीक. मी मुलाचं ड्रिल घेतलं आणि पेटीच्या तळाला भोकं पाडली, माती तिच्यापर्यंत पोचावी म्हणून. काळ्या कोटवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्या दिवशी तो पहिल्यांदा वाकायला विसरला.

रविवारी सुनेनं आणि प्रार्थनेच्या जागेतल्या दोन परदेशी बायांनी तिला न्हाऊ घातलं. पाऊस होता. माती लोटायच्या वेळी कोटवाल्यानं पांढरे हातमोजे वाटले. मुलानं घातले. मी म्हटलं, "आईला माती देतोस की शोरूममधली काच पुसतोस?" त्यानं ते काढून खिशात कोंबले आणि दोन्ही हातांनी माती लोटली. रडला तेव्हा कुठं माझा वाटला.

त्यानंतर सात दिवस घर सोडायचं नसतं, जमिनीवर बसायचं असतं. मला सगळं ठाऊक आहे. पण रात्रभर पाऊस पडत होता आणि नवी भरलेली माती खचते, हेही ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपलेले असताना बूट घातले आणि चढ चढून गेलो. खचलीच होती, पायाशी वीतभर. बाजूला ढीग होता. गुडघे टेकून हातांनी माती ओढली, भरली, थापली. राखणदार आला, काहीतरी समजावत राहिला. मला त्याची भाषा येत नाही, आणि शिकायचीही नाही.

पुरेशी भरल्यावर उठलो. कब्रस्तानातून निघताना हात धुवायचे असतात. फाटकाशी नळ होता, तिथं धुतले आणि खाली उतरलो.