टाकीपासून सुरुवात

कुठलंही काम मधूनच सुरू करणारा माणूस मामाजींच्या लेखी चोराच्या खालोखाल होता. मामाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. वऱ्हाडात सून सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणते, आणि ताईच्या तोंडून ऐकून ऐकून ते आमच्या सगळ्या घराचेच मामाजी झाले. आमचं सरकार तेव्हा नागपुरात बसायचं आणि दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना सात-आठ कोसांवर त्यांचा मळा होता. थोडी वांगी, थोडी मेथी आणि बाकी नजर जाईल तिथवर झेंडू. लष्कराने जुन्या गाड्या लिलावात काढल्या तेव्हा मामाजी त्यातली उघड्या पाठीची एक छोटी डिझेल मोटार घेऊन आले. दोन बैलांच्या हलक्या गाडीला आमच्याकडे रेंगी म्हणतात. मामाजींनी मोटारीलाही रेंगीच म्हणायला सुरुवात केली, आणि मग खऱ्या रेंगीला काय म्हणायचं याची पंचाईत घरातल्या बाकीच्यांनी सोसली.

ही मोटार हट्टी होती, पण मामाजी तिच्याहून हट्टी निघाले. सहा महिन्यांत त्यांनी ती चार वेळा खोलून पुन्हा जोडली आणि त्या पट्ट्यात डिझेल इंजिनाचं कळणारा एकमेव माणूस होऊन बसले. इंजिन गरगर फिरतं पण लागत नाही, ही तक्रार घेऊन कुणी आलं की त्यांचा चेहरा खुलायचा. गाडी आणणाऱ्याला आधी बाजेवर बसवून त्याची उलटतपासणी व्हायची. काल गाडी कुठे उभी केली, तेल कुठलं भरलं, कोणी हात लावला. "कोणं काईच केलं नाई म्हणतेस, मंग बंद काहून पडली?" असं ते इतक्या शांतपणे विचारायचे की धटिंगण ड्रायव्हरसुद्धा न केलेले अपराध कबूल करायचा. मग तपासणी. टाकीत काठी घालून तेल पाहायचं, मग टाकीखालची, तेल सोडायची-बंद करायची चावी, मग नळी, मग गाळणी, मग पंप, आणि इंजिनात तेल उडवणारं नोझल सगळ्यात शेवटी. हा क्रम ब्रह्मदेव आला तरी बदलायचा नाही. तेलात पाणी आहे का हे ते बोट बुडवून जिभेवर ठरवत, आणि त्या दिवशी आत्याबाई त्यांना पाण्याचा वेगळा पेला देत.

एकदा धारणीकडच्या जंगलातून लाकूड आणणारी लॉरी मळ्यासमोर बंद पडली. ड्रायव्हर बिचारा पहिल्यापासून सांगत होता की गाळणी तुंबली आहे. मामाजींनी काठी मागवली आणि टाकीपासून सुरुवात केली. दोन तासांनी गाळणी निघाली, ती चिखलाने भरलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, "म्या तं तेच सांगून राहिलो होतो." मामाजी हात पुसत म्हणाले, "तुले वाटत होतं. मले आता मालूम हाये." हे ऐकून तो माणूस चहा न घेताच निघून गेला, आणि मला वाटतं मीही गेलो असतो.

ताईला पाहायला आले तेव्हाही त्यांनी आमच्या खापरपणजोबांपासून सुरुवात केली होती. ते कुठून आले, विहीर कोणी खणली, आजोबा कशाने गेले. वडिलांपर्यंत येता येता दुपार कलली. ताई सकाळपासून आत नेसून बसलेली. शेवटी कुणीतरी आठवण करून दिली की मुलगी पाहायची राहिलीच. मामाजी उठून टोपी घालत म्हणाले, "आता काय पाहाची? सारं बराबर हाये." अशा रीतीने ताई न पाहता पसंत झाली, आणि पुढची आठ वर्षं त्यांनी तिला जवळपास पाहिलं नाही असंच म्हणायला हवं. कारण त्या घराची रीतच तशी होती. सुनेने सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. काही सांगायचं असलं तर ते आत्याबाईंना सांगायचं, आणि आत्याबाई ते ओसरीवर पोचवायच्या. आठ वर्षांत ताई मामाजींशी एक शब्द थेट बोलली नव्हती. मला याचं हसू यायचं आणि मी तिला चिडवायचोही. आता हसू येत नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी अमरावतीला शाळेत शिकवत होतो. ताईने मला नंतर सांगितलं तसं सांगतो.

दसऱ्याला दोन दिवस होते. रेंगीत, म्हणजे मोटारीत, झेंडूच्या टोपल्या भरून ठेवल्या होत्या आणि दाजी, म्हणजे ताईचे यजमान, बाजारात जागा धरायला अकोल्याला पुढे गेले होते. संध्याकाळी आत्याबाईंना दिसलं की टाकीखालून तेल ठिबकतंय आणि खालच्या टोपलीतल्या फुलांना वास लागतोय. मामाजी स्टेशनावर गेलेले, रात्री उशिरा येणार. आत्याबाईंनी स्वतः वाकून चावी बंद केली आणि ताईला म्हणाल्या, "सकाळी त्याहिले सांगतो." सकाळी त्या उठल्या त्याच पोट धरून. काही वेळात त्यांना बोलताही येईना. मामाजींनी टोपल्या खाली फेकल्या, बायकोला गाडीत निजवलं आणि सेल्फ मारला. इंजिन फिरलं, लागलं नाही. पुन्हा फिरलं. धूरसुद्धा नाही.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अंगणात गडी जमलेले, शेजारच्या मळ्यातले पुरुष आलेले. तिला चावीचं माहीत होतं. पण मामाजी टाकीपासून सुरू करणार, दुसरीच गोष्ट चावी, म्हणून ती गप्प राहिली. आणि मामाजींनी जन्मात पहिल्यांदा टाकी सोडली. मागे बायको कण्हत होती आणि ते एकदम नोझल खोलायला लागले. ताईला वाटलं, चावी त्यांनी पाहिलीच असणार, आपण कोण सांगणारे. मग पंप. मग पुन्हा नोझल. बॅटरी बसली तेव्हा गड्यांनी पाळीपाळीने हॅन्डल मारलं. कुणी म्हणालं, बैल जुंपू. मामाजी म्हणाले, "बैलानं अर्धा दिवस जाईन. आता लागते." असं करता करता दीड तास गेला. शेवटी मामाजी चाकाला टेकून खाली बसले तेव्हा ताई पदर सावरत अंगणात आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मामाजी, चावी बंद हाये."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खाली वाकले, चावी उघडली, नळीतली हवा काढली. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं.

निरोप मिळून मी अमरावतीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर मामाजींना सांगत होते की तासभर आधी आणलं असतं तर काही करून पाहता आलं असतं. मामाजींनी मान हलवली. आत्याबाई दुपारी गेल्या. मामाजींच्या धोतराला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या आणि त्या झटकायचं कुणालाच सुचलं नाही.

चावी कोणी बंद केली, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. सगळ्या वऱ्हाडाची उलटतपासणी घेणारा माणूस, पण सुनेला हे केव्हापासून माहीत होतं हेही विचारलं नाही. गाडी दुरुस्तीला येणाऱ्यांना ते हात जोडून परत पाठवू लागले. घरात एवढाच फरक पडला की रोज सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसत आणि म्हणत, "बोल, सूनबाई." ताई पहिल्या दिवशी घाबरून गेली. काय बोलू म्हणाली. "काई बी बोल." मग ती बोलायची. मेथी किती उगवली, गाय दूध का देत नाही, शेजारणीची मुलगी बाळंतपणाला आली. ते मान खाली घालून सगळं ऐकत, मध्ये एकही प्रश्न नाही, आणि तिचं संपलं की थोडा वेळ तसेच बसून राहत. मग पाट उचलून ठेवत. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, सुनेशी गप्पा मारतो. असं तीन वर्षं चाललं, ते जाईपर्यंत.

त्यांच्या तेराव्याला ताईने मला चावीचं सगळं सांगितलं. मी म्हटलं, "ताई, ते रोज तेवढंच ऐकायला बसत असतील गं."

ती म्हणाली, "मले मालूम होतं. रोज वाटे, आज सांगतो. आन् मंग मी मेथीचंच सांगे."