गाऱ्हाणं वर घालणार, खाली नाही

आमचे हे, शिवराम, ओमानात बरक्याला एसी रिपेरिंग करायचे. सगळं आयुष्य त्यांचं तिकडे गेलं नि माझं कुडाळला. गेल्या थंडीत पहिल्यांदा मला व्हिजिट व्हिजावर बोलावलं. आता हे नाहीत. शिमग्यानंतर गेले, कामावरच, छातीत कळ आली. मी सातवी शिकलेली, बोलते तसंच टाईप करते.

रूमवर सगळे कोकणातले. जेवायला बसण्याआधी गाऱ्हाणं यांनीच घालायचं. देवाला हाक मारायची, एकेकाचं नाव घेऊन सांभाळ म्हणायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" ओरडायचं. त्याशिवाय कोण घास उचलायचं नाही. बदरुद्दीनभाई यांचे रूममेट, वेंगुर्ल्याचे मुसलमान, त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा.

माझं विमान रविवारचं. म्हणून शुक्रवारी धरणावर जायचं ठरलं. एवढ्या रखरखाटात निळं पाणी, हिका दाखवतंय, म्हणून हे नुसते नाचत होते. पुतण्या राकेश सोहारला असतो, तो बायको नि लेक आकांक्षाला घेऊन गुरुवारीच आला. मी वड्याचं पीठ मळत होते नि तिथेच काका-पुतण्याचं वाजलं.

राकेश म्हणाला, "धरणाच्या खाली वादीत बसू. झाडं आहेत, सावली आहे."

हे म्हणाले, "वादी म्हणजे सुकलेली नदीच ती. डोंगरात ढग आसत. मोबाईलवर इशारो इलो, बघलंस?"

"काका, इथे ऊन पडलंय!"

"ऊन हय आसा. पाणी डोंगरातसून येता."

"सगळे तिथेच बसतात. वर धरणावर आकांक्षा भाजून निघेल."

"मग तू बस. थय मी गाऱ्हाणा घालूचंय नाय."

बदरुद्दीनभाई म्हणाले, "खलास. आता उपाशीच रवा."

कोण हसलं नाही. मला एकच धास्ती, या दोघांच्या हट्टात माझा शुक्रवार जाणार. परत मला कोण आणतंय?

सकाळी निघालो, दोन गाड्या, फोनवर पण कोण कोणाशी बोललं नाही. धरणाजवळ फाटा आला. राकेशने गाडी खाली घातली. यांनी पिकअप वर घेतली. सगळं जेवण पिकअपमध्ये.

वर पाणी एवढं पसरलेलं, पण माझं लक्ष कुठे पाण्यात! खाली राकेशची गाडी काड्यापेटीएवढी दिसत होती. मागे डोंगरावर ढग काळे होत चाललेले. हे कठड्याला धरून उभे, हाताच्या शिरा वर आलेल्या.

मी म्हटलं, "अहो, जाऊया खाली. पोर उपाशी आहे."

"भूक लागली की येतली."

"आणि नाही आली तर?"

यांची नजर खालच्या गाडीवरच. कठडा पण सोडला नाही. बदरुद्दीनभाईंनी किती फोन लावले, राकेश उचलेना.

बऱ्याच वेळाने पायऱ्यांवर आकांक्षा दिसली. धापा टाकत होती. "आजोबा, पप्पा खूप अँग्री आहे. पण मला वडे हवेत."

मागून राकेश आला, तोंड फुगवून, नि त्याच्या मागे त्याची बायको. यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. टोपी काढली नि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा..." माझं नाव शेवटी घेतलं नि मला परत इकडे आण म्हणून मागितलं, "हिका परत हय हाड रे म्हाराजा."

संध्याकाळपर्यंत पाणी काय आलं नाही. ढग आले तसे गेले. निघताना राकेशने टोमणा मारला, "कुठाय तुमचं पाणी, काका?"

"इला नाय, बरा झाला," म्हणाले नि भांडी गाडीत टाकली.

गेल्या शुक्रवारी राकेशचा फोन आला. "काकी, धरणावर आलोय सगळे. वरच बसलोय, उन्हात. गाऱ्हाणं मला येत नाही, तू सांग, मी म्हणतो."

मी सांगत गेले, तो म्हणत गेला, एकेक नाव. माझं नाव आलं नि मला पुढे बोलवेना.

मग बदरुद्दीनभाईंचा आवाज आला, "वयनीक परत हय हाड रे म्हाराजा."

सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा." त्यात राकेशचा आवाज मला वेगळा ऐकू आला.