चार्ज कुणी घेतला?

त्या दिवशी संतूदादाचा चार्ज घ्यायला कोण येणार होतं?

हा प्रश्न मी गेटवर विचारला, ऑफिसात विचारला, चहाच्या टपरीवर विचारला. उत्तर कुणी दिलं नाही. किस्से मात्र भरपूर दिले! माणूस गेला की त्याच्या शिफ्टवाल्यांकडे ते साचत जातात. आठवीतून शाळा सोडलेल्या मला इंग्रजी काय कळणार? पण या ‘चार्ज’ शब्दाची जेवढी म्हणून पोरंबाळं आहेत, ती सगळी कुरकुंभला आमच्याच केमिकल प्लांटमध्ये कामाला लागलीत, एवढं सांगतो. संतूदादा, माझा थोरला भाऊ, तिथं ऑपरेटर होता. मी पॅकिंगला, ठेकेदाराकडून.

*

आधी चार्ज देणं म्हणजे काय ते सांगतो. शिफ्ट संपली म्हणून ऑपरेटर उठून जात नाही. पुढचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आला की त्याला रिअ‍ॅक्टरजवळ, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाकीजवळ, न्यायचं, टेंपरेचर, प्रेशर, उघडे-बंद व्हॉल्व सगळं सांगायचं. तो ‘घेतला’ म्हणाला की सुटका. तोवर नाही.

वरवंडचे शेळके आबा आमच्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांच्या पोरीचा साखरपुडा होता. पाहुणे घरी येऊन बसले आणि आबांचा रिलीव्हर दौंडच्या रेल्वे फाटकात अडकला. आबा प्लांटातल्या फोनवरून घरी फोन करायचे, “पावण्यांस्नी चहा द्या.” परत फोन, “आजून एकदा द्या.”

शेवटी व्याही वैतागले. “पोरीचे वडील करत्यात तरी काय?”

नवरी मुलगी आतून म्हणाली, “रिलीव्हरची वाट बघत्यात!”

*

रिअ‍ॅक्टरमध्ये माल टाकतात त्यालाही चार्ज करणंच म्हणतात. झाकण उघडायचं आणि पावडरच्या गोण्या आत ओतायच्या. त्याआधी शिरूरचे डॅनियलमामा डोळे मिटून प्रार्थना करतात, शेळके आबा पंपाला हात लावून नमस्कार करतात आणि बिहारचा हेल्पर रामजतन गोणीला कपाळ टेकवतो. हे सगळं झाल्याशिवाय पहिली गोणी फुटत नाही.

एकदा इन्चार्ज साहेबांनी ते बघितलं. “हे काय चाललंय? नियमात कुठं लिहिलंय असं?”

मामांनी एकच डोळा उघडला. “साहेब, रिअ‍ॅक्टर तुम्ही सगळ्यात स्वस्त टेंडरमधला आणलाय. प्रार्थना तरी करू द्या!”

*

प्लांटमध्ये मोबाईल न्यायला बंदी. भडका उडायची भीती. त्यामुळे सगळ्यांचे फोन गेटवरच्या एका बोर्डावर चार्जिंगला. रामजतनच्या बायकोचा फोन आला की वॉचमनच उचलायचा. काय खाल्लं, ताप उतरला का, सगळं तोच सांगायचा.

रामजतन होळीला गावी जाऊन आला. येताना बायकोनं डबाभर गोड ठेकुआ बांधून दिले. डबा उघडायला गेला तर म्हणाली, “हाथ मत लगाना! गेटवाले भैया के लिए है!”

*

दादाला एकदा चार्जशीट मिळाली. साहेबांनी आबांना दुसरी शिफ्ट सलग लावली. दादा आडवा आला. “आबांचं पाय बघा, सुजल्यात. त्यास्नी सोडा, मी थांबतो.” साहेब म्हणाले, हा उद्धटपणा आहे. दुसऱ्या दिवशी टाइप केलेली चार्जशीट हातात!

दादानं ती वाचली, घडी घातली आणि साहेबांना म्हणाला, “ह्याच्या दोन झेरॉक्स काढून ठिवा. फुडच्या महिन्यात लागत्याल.”

*

मग तो दिवस. सकाळी रात्रपाळी संपली तरी दादाचा रिलीव्हर आला नाही. त्यानं सलग दुसरी शिफ्ट काढली आणि दुपारपाळीचा माणूस आल्यावर बाइक घराकडं, न्हावऱ्याकडे काढली. केडगावच्या अलीकडं त्याचा डोळा लागला. पुढं उसाची ट्रॉली उभी होती.

दवाखान्यात मी सारखं विचारत होतो, “डिस्चार्ज कवा देनार?” नर्सनं चादर दादाच्या तोंडावर ओढली. डॅनियलमामांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

साहेब घरी भेटायला आले. म्हणाले, “घटना ड्युटी संपल्यानंतरची आहे. कंपनी काय करणार?”

मी म्हणालो, “ड्युटी कवा संपली? सकाळी चार्ज कुणी घेतला त्याचा?”

आईनं माझा सदरा ओढला. साहेबांनी पाणी संपवलं आणि चपला शोधायला लागले. दादानंतरच्या पाळीला माणूस भरलेलाच नव्हता, असं पॅकिंगची पोरं कुजबुजतात. कुजबुजा! मी मोठ्यानं विचारत राहणार.

*

मागच्या आठवड्यात आबांना परत सलग दुसरी शिफ्ट लागली. तीही संपली, तरी रिलीव्हर नाही. आबा भिंतीला टेकून उभे होते. डोळे उघडे, पण बघत काहीच नव्हते.

मी सरळ केबिनमध्ये गेलो. “साहेब, रिअ‍ॅक्टरजवळ चला.” काहीतरी बिघडलं असणार असं वाटून ते धावत आले.

मी म्हणालो, “आबा, द्या चार्ज.”

आबा भिंतीपासून सरळ झाले. “कुनाला?”

“हे काय, इन्चार्ज उभं हायत की!”

“तू पॅकिंगचा पोरगा,” साहेब म्हणाले, “तू मला सांगणार?” मागं वळले तर दारात डॅनियलमामा उभे. त्यांच्याशेजारी रामजतन. मागं सगळं पॅकिंग. कुणी वाट देईना.

आबांनी घसा साफ केला. आयुष्यभराची सवय! “टेंपरेचर बरूबर हाय. प्रेशर बरूबर. खालचा व्हॉल्व बंद. साहेब, घेतला म्हना.”

साहेबांनी दाराकडं बघितलं, मग प्रेशरच्या काट्याकडं.

“घेतला,” साहेब म्हणाले.

मामांनी त्यांच्यामागं स्टूल सरकवलं.

गेटपर्यंत पोचायच्या आत वॉचमनला साहेबांचा फोन आला होता. त्यानं खाली बघत माझं गेटपासचं कार्ड कायमचं जमा करायला सांगितलं. मी काढून दिलं. बाइक चालू केली आणि आबांना मागं बसवलं.

“आबा, मला घट्ट धरा आन् बोलत ऱ्हावा.”

“काय बोलू?”

“कायबी. गप बसू नका फकस्त.”

वरवंड येईपर्यंत मी त्यांना गप्प बसू दिलं नाही.