प्रेस अर्ध्यावर थांबली नाही

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्या दुपारी नव्या सॉफ्टवेअरची चाचणी चालली होती. प्रेसचा वरचा जड भाग अर्ध्यावर थांबायचा, ऑपरेटरने हाताने पत्रा सरळ करायचा, मग तो खाली यायचा. त्या वेळी तो थांबलाच नाही, सरळ तळाला आदळला. चाचांचा हात पुढे निघालाच होता, थोडक्यात वाचला.

चाचा प्रेसवरचे सगळ्यांत जुने ऑपरेटर, आणि सॉफ्टवेअर लिहिणारी मी. ते नुसते बोटांकडे बघत राहिले.

कुठे थांबायचं हे दोन ओळींत बदलता यावं म्हणून आम्ही मुख्य प्रोग्रॅममध्ये एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा बसवली होती. त्या ओळी बरोबर होत्या. माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट चालत होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. चूक दिसत नव्हती, म्हणजे ती पुन्हा कधीही घडू शकत होती.

मालक म्हणाले, "माल आजच जायचाय. एकदा बंद करून चालू करा."

"कारण कळल्याशिवाय मी चाचांना तिथे उभं करणार नाही." मी म्हणाले. ते तडक निघून गेले. नोकरी गेली असंच मी धरून चालले.

थांबायची उंची म्हणून स्क्रिप्ट एकशेऐंशी मिलिमीटर पाठवत होती, प्रोग्रॅमला भलताच आकडा मिळत होता. शेवटी ती भाषा आणि मुख्य प्रोग्रॅम हे दोन्ही भाग कंपाइल करतानाच्या, म्हणजे मशीनला कळतील असे उतरवतानाच्या कमांड मी शेजारी शेजारी लावल्या. प्रेसच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी भाषेची लायब्ररी आकडे चार बाइटमध्ये ठेवण्याच्या फ्लॅगने, म्हणजे कमांडमधल्या जादा सूचनेने, बांधली होती. मुख्य प्रोग्रॅमला तो फ्लॅग नव्हता, म्हणून प्रोग्रॅम आठ बाइट वाचत होता. लॅपटॉपवर तो फ्लॅग दोन्हीकडे नव्हता, म्हणून तिथे सगळं जुळत होतं. दोन्ही वेगवेगळे कंपाइल झाल्यामुळे कंपायलरनेही तक्रार केली नव्हती.

दोन्हीकडे एकच फ्लॅग लावला. आकड्यांचा मेळ बसला नाही तर मशीन सुरूच होऊ नये, अशी तपासणी घातली. मग मुद्दाम चुकीचा फ्लॅग लावून पाहिला. मशीन सुरू झालं नाही. योग्य फ्लॅग परत लावून, लाकडी ठोकळा ठेवून प्रेस कितीतरी वेळा चालवली. दर वेळी अर्ध्यावर थांबली.

"बेटा, आता हात घालू?" चाचांनी विचारलं.

मी त्यांच्यापुढे चिमटा धरला. "आज चिमट्याने करा, चाचा."

ते हसले नाहीत. चिमटा घेऊन कामाला लागले. शिफ्ट संपेपर्यंत मी शेजारी उभी होते. निघताना ते म्हणाले, "उद्या पण इथेच थांबशील ना?"

"थांबेन," मी म्हणाले.