खडखड्याची करंगळी

नवीकोरी वस्तू जुनी करून देण्याचा पगार मिळतो, हे सांगितलं तर लोक आधी हसतात आणि मग आपली थट्टा होतेय असं वाटून गप्प बसतात. गंजमावशींनाही सुरुवातीला ते खरं वाटलं नव्हतं. चित्रपटांवर बेतलेल्या त्या भल्यामोठ्या उद्यानात त्या रंगारी म्हणून लागल्या, तेव्हा भिंती आणि कठडे रंगवायचे, एवढीच त्यांची कल्पना होती. पहिल्याच सकाळी मुकादमाने त्यांच्यापुढे एक गुळगुळीत नवा दरवाजा उभा केला आणि म्हणाला, "हा दोनशे वर्षांचा करा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हवाय."

त्याला आता बावीस वर्षं झाली. गंज, ओल, शेवाळ, काजळी, बुरशी, पायऱ्यांची झीज, भिंतीला टेकून गेलेल्या डोक्यांचे तेलकट डाग, सगळं मावशींच्या हातचं. उद्यानात नव्याने लागलेल्यांना तर गंजमावशी हेच त्यांचं कागदोपत्री नाव वाटतं.

त्यांच्या पेटीत ब्रश थोडे आणि कचरा फार. फाटके मोजे, दात घासायचे झिजलेले ब्रश, भांडी घासायचे स्पंज, डबाभर लाकडाचा भुसा. नवशिका रंगारी दिसेल तिथे गंज थापतो आणि दरवाजा जुना दिसायचा सोडून आजारी दिसतो. मावशी आधी पाच मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहतात. पाणी कुठून ओघळलं असतं? कोण कुठे टेकलं असतं? कडीभोवती हजार हात लागले असते, तिथला रंग उडायलाच हवा. पण वरच्या बिजागरीला कोण कशाला हात लावेल? एवढा हिशेब मनाशी झाला की मग मोजा रंगात बुडतो आणि हात चालायला लागतो.

घरी सगळा उलटा कारभार. यजमान लॉन्ड्रीत डाग काढायच्या कामावर. शाई, चहा, वंगण, लिपस्टिक, त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. बायको डाग पाडते आणि नवरा डाग काढतो, हा विनोद त्यांच्या घरात वीस वर्षं जुना आहे. तरी नवीन पाहुणा आला की दोघंही तो सांगायला एकाच वेळी तोंड उघडतात. लेक त्याच उद्यानातल्या खेळण्यांच्या दुकानात काम करते.

उद्यानाचं सगळं वेळापत्रक चित्रपटांच्या हातात. मधोमध सिमेंटचा एक डोंगर आहे. तो आधी राक्षसाची गुहा होता, मग चाच्यांचं बेट झाला, मग बर्फाचा महाल. चित्रपट चालला की डोंगराने कपडे बदलायचे, आणि कपडे शिवणार मावशी. वाटाही मोठ्या हुशारीने आखलेल्या. कुठल्याही राइडच्या सफरीतून बाहेर पडायचा रस्ता एकच, तो थेट खेळण्यांच्या दुकानात. लेक म्हणते, "आई, तुम्ही पोरांना घाबरवता, हसवता, आणि ते सगळं अंगात असतानाच ती माझ्या पुढ्यात येऊन उभी राहतात. मला काही विकावं लागतच नाही. मी फक्त पिशव्या उघडते."

बर्फाच्या महालानेच मावशींना पहिली ताकीद मिळवून दिली. महालाच्या गटारापाशी पाणी झिरपत होतं, म्हणून त्यांनी सवयीने तिथे जरासं शेवाळ रंगवलं. सुरेख रंगवलं. पण चित्रपट कंपनीकडून एक तपासनीस यायची. तिशीतली, नीटनेटकी, केस घट्ट बांधलेली, आणि सोबत तीनशे पानांचं एक जाडजूड पुस्तक. कुठल्या विटेला कुठला रंग, कुठला डाग किती बोटं रुंद, सगळं त्यात क्रमांक घालून लिहिलेलं. बर्फावर शेवाळ त्यात नव्हतं. "पुस्तकाबाहेरचा डाग," मॅडम म्हणाल्या आणि ताकीद लिहिली. करारात स्पष्ट होतं: तीन ताकिदी झाल्या की करार संपला.

मग खडखड्या आला. भंगारातून जोडलेला, चालताना डब्यात खिळे हलवल्यासारखा वाजणारा यंत्रमानव, आणि त्याची करंगळी धरून अख्खा चित्रपटभर हिंडणारी एक चिमुरडी. पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. खेळण्यातला खडखड्या आठ दिवसांत दुकानातून संपला. आपल्याला नाही मिळाला म्हणून एका मुलाने फरशीवर लोळण घेतली, आणि त्याला आवरून दमलेल्या आजोबांना तर लेकीने स्वतः खुर्ची आणून दिली. झालं. वरून हुकूम सुटला: महाल पाडा, भंगारवाडा उभा करा.

सफरीच्या तोंडाशी तीन मजली खडखड्या बसवला. एक हात गुडघ्यावर, दुसरा जमिनीवर टेकलेला, आणि त्याची नळीएवढी बारीक करंगळी बरोबर लहान मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर. मावशी त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. पाच मिनिटांची दहा मिनिटं झाली.

"मॅडम, करंगळीवर गंज लिहिलाय."

"क्रमांक सतरा. हो."

"पण ती मुलगी रोज त्याची करंगळी धरून चालते ना? मग तिथे गंज कसा राहील? तिथे चकाकी हवी."

"पडद्यावर गंज आहे. मी स्वतः बघितलंय."

"पडद्यावरचा खडखड्या कॉम्प्युटरवर केलेला. त्याला कोणी कधी हात तरी लावलाय का?"

मॅडमनी पुस्तक मिटलं. मावशींनी विचारण्याआधीच करंगळी घासूनपुसून चकचकीत करून ठेवली होती, ती आता मॅडमच्या नजरेस पडली. दुसरी ताकीद मिळाली. मावशींनी मान खाली घालून करंगळीवर क्रमांक सतरा चढवला. मनाविरुद्ध केला, पण कामात कसूर केली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

सफर सुरू झाली. अकराव्या दिवशी मॅडम फाटक उघडण्याआधीच्या फेरीवर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. करंगळी लखलखत होती.

मावशींनी पुन्हा गंज चढवला, वर वॉर्निशचे दोन हात दिले. पंधरा दिवसांत तीच गत. कॅमेऱ्याचं चित्र मागवलं तर त्यात खडखड्याची नुसती पाठ दिसत होती.

"हे बघा," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एक तर तुमचं काम कच्चं आहे, नाहीतर तुम्ही मुद्दाम खरवडताय. तुमचं काम कच्चं नसतं, हे मला माहीत आहे. सोमवारी मला तिसरी ताकीद लिहावी लागेल."

चोरून खरवडल्याचा आळ, आणि तोही अशा बाईकडून, जी त्यांच्या कामाची तारीफ करून मग आळ घेत होती! घरी आल्या त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

"पन्नाशी उलटल्यावर मला कोण ठेवणार हो?" त्या यजमानांना म्हणाल्या. "जगाला गंज काढणारे हवे असतात. लावणारी हवी असलेली ही एकच जागा होती."

यजमानांनी हातातला पेला खाली ठेवला. "खरवडलं नाहीस ना?"

"तुम्हीसुद्धा?"

"विचारून ठेवलं. मग हे बघ. आमच्याकडे शर्ट येतात. सगळा शर्ट धड, आणि कॉलर विरलेली. ती कोणी खरवडली? मान घासून घासून गेली. त्याला काही ॲसिड लागत नाही."

लेक भाजी चिरता चिरता थांबली. "आई, खेळण्यातल्या खडखड्याचंही तेच! करंगळीचा रंग आधी जातो. आठवड्याला चार-पाच आईबाप भांडायला येतात. आम्ही आपले बदलून देतो."

मावशी खुर्चीतून उठल्या आणि मग आठवण होऊन चपला काढल्या. रागावर हसू चढत गेलं. लगेच त्यांनी मॅडमना फोन लावला. "सोमवारी काय लिहायचं ते लिहा. पण रविवारी एक दिवस माझ्याबरोबर बसा. माझी सुट्टी असते. डबा मी आणते."

मॅडम म्हणाल्या, "नऊ वाजता."

रविवारी मावशींना सुट्टीच्या साडीत, हातात डबा घेऊन आलेलं बघून फाटकावरचा पहारेकरी चकित झाला. "मावशी, आज कशा काय?"

"करंगळीसाठी आलेय."

"एवढंच ना? मग सरळ जा, कॅन्टीनच्या मागे डाव्या हाताला. बायकांचं पलीकडचं."

मावशी एवढ्या हसल्या की डब्याचं झाकण वाजायला लागलं. मॅडमना मात्र त्यांनी हे सांगितलं नाही. त्या सकाळी आदल्या दिवशी चढवलेला, वॉर्निशचे तीन हात दिलेला क्रमांक सतराचा गंज मॅडमनी स्वतः नखाने तपासून घेतला, आणि दोघी समोरच्या बाकावर बसल्या.

फाटक उघडलं. पहिलं पोर धावत आलं आणि थेट करंगळीला लोंबकळलं. दुसऱ्याने दोन्ही मुठींनी धरली. एका मुलीने तिला गाल लावला आणि आई "चल, चल" म्हणेपर्यंत काढलाच नाही. फोटोसाठी धरणारे, रांग पुढे सरकेपर्यंत धरून ठेवणारे, भीती वाटते म्हणून धरणारे. मॅडम टॅबवर एकेकाची रेघ ओढत होत्या. चारशेच्या पुढे त्यांनी रेघा ओढणं सोडून दिलं.

"मोठी माणसंही?" त्या जरा वेळाने म्हणाल्या.

एक म्हातारे गृहस्थ "छे छे, हे पोरांचं आहे," म्हणत मागे सरकत होते. बायको मोबाइल धरून तिष्ठत होती. शेवटी ते पुढे गेले, इकडेतिकडे बघितलं आणि करंगळी अशी घट्ट पकडली की बायकोचे फोटो काढून झाले तरी सुटेना.

"पण पुस्तकात तर..." मॅडमनी सुरुवात केली, तोवर मावशींनी डबा उघडला. दोघी जेवल्या. मॅडमनी दोनदा वाढून घेतलं, ही गोष्ट मावशींनी नंतर घरी विशेष करून सांगितली.

दुपारी चारच्या सुमाराला मॅडम उठल्या. "थर कितपत गेलाय, बघून येते." त्या रांगेच्या कडेने खडखड्यापाशी पोचल्या, वाकल्या, करंगळीवर बोट फिरवलं. खाली पत्र्याचा रंग आत्ताच डोकवायला लागला होता. मग त्या सरळ झाल्या आणि वर त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. रांग त्यांना वळसा घालून पुढे जात होती. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडे बघा!" तेव्हा त्या दचकल्या, आणि तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं की आपण करंगळी मुठीत धरून उभ्या आहोत.

मावशींनी डबा बाजूला करून बाकावर त्यांच्यासाठी जागा केली.

मॅडम परत येऊन बाकावर टेकल्या. बराच वेळ हाताकडेच बघत होत्या. "माझे बाबा खूप उंच होते," त्या म्हणाल्या. "त्यांचा अख्खा हात माझ्या मुठीत मावायचा नाही. म्हणून करंगळी धरायची मी." डोळे पुसायला त्यांनी रुमाल शोधला, तो सापडला नाही, तेव्हा मावशींनी सवयीने पर्समध्ये टाकलेला कामाचा एक मोजा पुढे केला. "धुतलेला आहे. आमच्याकडे डागाची काळजी नाही."

मॅडम रडता रडता हसल्या. मग त्यांनी टॅब उघडला. "पुस्तकात दुरुस्ती पाठवते. कदाचित पुढच्या भागात पडद्यावरही करतील. खेळण्यांवरही. पण मला रंगाचा क्रमांक लागेल. काय लिहू?"

मावशींनी करंगळीकडे बघितलं. बावीस वर्षं त्यांनी माणसांच्या हातांचे डाग रंगवले होते, जी माणसं कधी आलीच नव्हती, त्यांचे. इथे माणसं समोर रांग लावून उभी होती. मावशींना एकदम फार आनंद झाला.

"क्रमांक नको. तिथे रंगाऱ्याने हात लावायचा नाही, असं लिहा."

"मग कारागीर कोण म्हणून लिहायचं? तो रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मावशींनी रांगेकडे हात केला. पुढून दुसऱ्या जागेवर एक मुलगी होती, तिचा नंबर येत होता, आणि तिने आत्तापासूनच मूठ उघडून ठेवली होती.

मॅडमनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "करंगळी. रंग नाही. कारागीर: रांगेतले सगळे. काम चालू आहे."