कडी

गावातल्या जुन्या जातीय हिंसाचारावर माझ्या वर्गातल्या मुलांनी मोबाइलवर फिल्म केल्या होत्या. प्राचीनं तिच्याच वस्तीतल्या गयाबाईंना बोलतं केलं होतं.

"घरं कोणी पेटवली, मावशी?"

गयाबाई उठल्या. पडद्यावर रिकामी बाज उरली. दाराला कडी घातल्याचा आवाज आला. परत येऊन त्या म्हणाल्या, "लागली आग, माय. कोण कशाला लावंल?"

"हा रिकामा भाग कापू का, सर?" प्राचीनं विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो. जळालेल्या कुडांच्या जागी केव्हाच स्लॅबची घरं आली. माणसं मात्र अजून दार लावून घेतात, आणि तरीही नाव घेत नाहीत.

फिल्मआधी प्राचीनं वर्गाच्या दाराला कडी घातली होती. मला वाटलं, अंधार हवा म्हणून.