बाबांचा सत्कार

बाबांचा चर्चमध्ये सत्कार झाला त्या रविवारी आई, बाबा आणि मी, तिघंही मूर्खासारखे खूश होतो. खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते तेव्हापासून बाबा मराठी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला, ढोलक वाजवत आले होते. तिथून बसनं नागपूरला यायचे, ढोलक मांडीवर घेऊन. रिटायर होऊन नागपूरला लागून बेसात घर बांधल्यावर मी त्यांना स्कूटीवर न्यायला लागले. त्या दिवशी मिस्सा संपल्यावर फादरनी त्यांना पुढे बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. गायनमंडळाची प्रमुख बोलायला उभी राहिली. माझ्याच वयाची, शाळेत संगीत शिकवणारी. "काकांनीच मला लहानपणी हात धरून ताल शिकवला," ती म्हणाली. बाबा घरी येऊनही शाल काढेनात, आणि नागपुरात मे महिना चालू होता.

पुढच्या रविवारी त्यांच्या जागेवर इलेक्ट्रॉनिक ड्रम होता.

बाबा ढोलक काखेत धरून उभेच राहिले. प्रमुखबाई वायर जोडत होती.

"काका, तुम्ही आज कसे?"

"काहून? मिस्सा नाही का आज?"

"तसं नाही, पण मागच्या रविवारी तुमचा निरोप झाला ना."

"तो तं सत्कार होता."

"तेच ते, काका. आता आराम करा. ढोलक असला की भजनासारखं वाटतं, नवीन मुलं येत नाहीत."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. कोण ते मी पाहिलं. त्याच्या लग्नाच्या वरातीत बाबांनी बोटं सुजेपर्यंत वाजवलं होतं. पहिल्या बाकावर प्रमुखबाईची आई बसली होती. गुडघे जाण्याआधी ही म्हातारी बाबांच्या शेजारी उभी राहून गायची. तिनं सूर धरायचा, बाबांनी ताल, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. तिनं सगळं ऐकलं आणि गीतांच्या पुस्तकात मान घातली.

आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. पहिलं गीत सुरू झालं तसं बाबांची बोटं बाकाच्या पाठीवर चालायला लागली. पुढच्या बाईनं वळून पाहिलं, मग बोट ओठांवर ठेवलं. लहान मुलाला गप्प करतात तसं.

त्यानंतर बाबा चर्चला यायचे, पण गायचे नाहीत. गुड फ्रायडेला तेवढे सकाळपासून तयार होऊन बसायचे, कारण त्या दिवशी कोणतंच वाद्य वाजत नाही.

दोनेक वर्षं गेली असतील. एका संध्याकाळी प्रमुखबाई आमच्या दारात उभी. केस विस्कटलेले, पायात घरातल्या चपला. आईनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. बाबा दिवाणावर पाय वर घेऊन बसले होते, ते तसेच बसून राहिले.

"काका, आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा. ती एकच गाणं मागतेय, ते ओवीच्या चालीतलं मारियामातेचं. मी कीबोर्डवर वाजवलं तर तोंड फिरवलं तिनं. म्हणते, ढोलकवाल्याले बोलाव."

बाबा पंख्याकडे बघत होते.

"काका, ऑटो खाली उभा आहे."

"माहा निरोप झाला नं," बाबा म्हणाले. "शाल देऊन केला तुमी."

ती खाली फरशीवर बसली. खरंच बसली, बाबांच्या पायांपाशी. "माझं चुकलं. मला काय बोलायचं ते नंतर बोला. पण तिच्यासाठी चला."

"ते भजनावानी वाटते. मरता मानूस, त्याले चांगलं काही आयकव."

आवाज चढवला नाही त्यांनी. उलट प्रेमानं समजवावं तसं बोलले. मला त्याचीच भीती वाटली.

आई मध्ये पडली. "अवो, त्या म्हातारीनं काय केलं तुमचं? मनात एवढं काहून धरून ठेवता?"

"ती समोरच बसून होती. तोंड उघडलं का तिनं?"

आईनं कपाटावरून ढोलक काढला आणि त्यांच्यासमोर आणून ठेवला. बाबांनी तो उचलला. प्रमुखबाई धडपडत उठली, तिला वाटलं निघाले. बाबांनी ढोलक परत कपाटावर ठेवला आणि मला म्हणाले, "चहा टाक. बाईनं चहा नाही घेतला."

ती चहा न घेताच गेली. बराच वेळ खाली ऑटोचा आवाज येत नव्हता. बहुतेक आत बसून रडत असावी. आई दाराशी उभी होती, जावं की नाही ते तिला कळत नव्हतं. शेवटी ऑटो गेला.

म्हातारी त्याच आठवड्यात वारली. बाबा मातीला गेले. इस्त्रीचा शर्ट घातला, कबरीत मूठभर माती टाकली, मंडळानं कीबोर्डवर म्हटलेली सगळी गीतं हात बांधून ऐकली. प्रमुखबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मात्र तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि परतताना स्कूटीवर माझ्या मागे बसून म्हणाले, "सूर हालत होता तिचा."

मी गाडी चालवत राहिले.

आई त्या दिवसापासून बाबांशी कामापुरतं बोलते. जेवायला बसताना बाबा अजूनही कधीकधी विषय काढतात, "मी काही चुकीचं बोललो का?" आई ताट त्यांच्यासमोर ठेवते आणि आत जाऊन एकटी जेवते.